आखूड शेपटीची मादी

मेलेल्या पाखराचा वास तुमी कधी घेतलाय का? दोन दिवस झालेल्या? घेऊ नका. मेंढरांच्या वाड्यात वाढलेली बाई मी. माझा बाप सोनबा कोकरं खच्ची करायचा, तवा मागचं पाय धरायला मीच असायची. लेंड्या, मूत, वार, रक्त, कशानं माझं तोंड वाकडं झालं न्हाय. पर पाखराचा वास निराळा. गोडूस, चिकट. नाकात जाऊन बसतो आन् भाकरीच्या पहिल्या घासाला वर येतो. शी! आता सांगताना बी मळमळाया लागलं.

आन् ह्यो वास माझ्या घरात आणला मालकांनी. माझं मालक, महिपती, बारामतीच्या एका कॉलेजात शिपाई होतं. कॉलेजाचं नाव मी सांगणार न्हाय. प्राणीशास्त्राची लॅब झाडायची, बरण्या पुसायच्या, पोरांना बेडूक वाटायचं, ही नोकरी. त्यातच कुणा जुन्या सरांनी त्यांना पाखरं भरायला शिकवलं. मेलेल्या पाखराचं कातडं अंगातल्या सदऱ्यासारखं उलटं सोलून काढायचं, आतनं बोरिक पावडर आन् तुरटी चोळायची, कापूस भरायचा, शिवायचं, आन् पायाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर पाखराचं नाव, गाव, तारीख, मेलं कसं, आन् नर का मादी. लॅबमदी काचंचं कपाट होतं. त्यात ही सगळी पाखरं उताणी निजवल्याली, डोळ्यांत कापसाचं बोळं. पहिल्यांदा बघितलं तवा मी पदर तोंडाला लावून बाहेर आले. मालक मागनं आलं आन् म्हणत्यात कसं, "कसं काय हाय आमचं कपाट?" मी म्हणलं, "स्मशान तरी उघड्यावर असतंय."

माणूस वाईट न्हवता. हे आधीच सांगते, न्हाय तर पुढचं ऐकून तुमी काय बी म्हणाल. भवानीनगरापासनं थोडं आत आमची वस्ती. सकाळची एसटी धरून बारामतीला जायचं, सांजच्याला परत. दारू न्हाय, बिडी न्हाय, पत्त्याचा नाद न्हाय. नाद एकच. बांधावर पाखरू बोललं की हातातला घास ताटात टाकून हे अंगणात. "सारजा, आलं बघ!" जसा काय सोयराच आलाय!

चैत्र सरता सरता कालव्याकडंच्या आमराईत एक पाखरू यायचं, त्यावर तर त्यांचा जीव जडला होता. डोकं काळंभोर, त्यावर तुरा, अंग पांढरंधोट, आन् शेपटीला वीतभराहून लांब दोन फिती. ह्या फांदीवरनं त्या फांदीवर गेलं की फिती मागं लहरत जायच्या. मला बी आवडायचं, खोटं कशाला बोलू? उन्हाळाभर राहायचं, घरटं करायचं, पिल्लं उडाली की चाललं. आमी त्याला लांब शेपटीचं पाखरू म्हणायचो. मालकांनी कॉलेजातनं नाव आणलं, स्वर्गीय नर्तक. त्याच्याच संगतीला दुसरं एक असायचं, तसंच लांब शेपटीचं, पर अंगानं विटकरी. वस्तीवर सगळ्यांचं एकच म्हणणं, पांढरा त्यो नवरा आन् तांबडी ती बायको. त्यात कुणाला शंका न्हवती, मला बी न्हाय.

त्र्याण्णव सालच्या उन्हाळ्यात पांढरं पाखरू विजंच्या तारंला धडकून मेलं. मालकांनी ते उचललं आन् कुठं ठेवलं म्हणता? जेवणाच्या डब्याच्या पिशवीत! मी आपली सांजच्याला डबा घासायला घेतला, पिशवीत हात घातला, तर बोटाला गार पिसं. असली किंचाळले की शेजारची माणसं काठ्या घेऊन आली, त्यांना वाटलं साप निघाला. दोन दिवस मी त्या हातानं कणीक मळली न्हाय.

पर घरी आणायचं कारण होतं. मालकांना जवळचं दिसंना झालं होतं. चष्मा लावून चिठ्ठी लिहायचं, पर पाखराच्या पोटातलं बारीक काय बी उमगायचं न्हाय. आन् नर का मादी हे पोटातच कळतंय. कॉलेजात समजलं तर ते काम दुसऱ्याला देतील, ह्या धास्तीनं ते पाखरू घरी घेऊन आलं आन् माझ्या पाया पडायचंच बाकी ठेवलं. "सारजा, एवढं बघून सांग. तुझी नजर घारीची हाय." मी शिव्या दिल्या, नाकाला फडकं बांधलं आन् मागच्या दारी लिंबाखाली बसले. आतडी बाजूला सारली. त्यांनी सांगितलं, पाठीच्या कण्यापाशी बघ. नर असंल तर दोन पांढरं दाणं, दोन्ही अंगाला. मादी असंल तर डाव्या अंगालाच खसखशीसारखा घोस. मी बघितलं. मुगाएवढं दोन दाणं. बारकं असलं तरी मला त्यात काय नवल न्हवतं, आयुष्य मेंढरांत गेलं माझं. "नर," म्हणलं आन् मोरीवर जाऊन ओकले.

पुढल्या साली गारपिटीत तांबडं पाखरू मेलेलं घावलं. पुन्हा लिंबाखाली मी, पुन्हा त्यो वास. मालक चिठ्ठीवर 'मादी' लिहूनच बसलं होतं. मी आत बघितलं आन् म्हणलं, "अवं, खोडा ते. ही बायको न्हवं, ह्यो बी नवराच हाय." त्यांचा इस्वास बसंना. मी म्हणलं, "तुमी या हितं, नाक घाला आन् बघा." दुसऱ्या दिवशी त्यांनी कॉलेजातल्या मोठ्या सरांना विचारलं. मानसिंग सर, ते त्या खात्याचं मुख्य. त्यांनी पुस्तकं काढली, बघितली, आन् म्हणालं की बरोबर हाय. जात एकच, नरच दोन रंगांचं, कुणी पांढरा कुणी तांबडा. मादी बी तांबडीच, पर आखूड शेपटीची, फिती नसल्याली. मालक त्या दिवशी एसटीतनं उतरलं ते उड्या मारत. छप्पन वर्सांचा माणूस!

आन् हितनंच घाण सुरू झाली. मानसिंग सर त्यांना म्हणालं, "महिपतराव, दोन्ही रंगांचे नर झाले. एक मादी मिळाली की ही जात पूर्ण होते. तुमच्या निवृत्तीच्या आधी मिळाली तर नवीन काचेची पेटी करू, खाली तुमचं नाव टाकू." झालं! माणसाला चहा गोड लागंना. शहाण्णवच्या जूनमदी निवृत्ती, मधी फकस्त दोन उन्हाळं. उठता बसता एकच, मादी पायजे, मादी पायजे. वस्तीवरच्या बाया मला बघून तोंडाला पदर लावायला लागल्या. मी तरी काय सांगू त्यांना?

पंच्याण्णवच्या वैशाखात ते आखूड शेपटीचं पाखरू घेऊन आलं. तांबडं, तुऱ्याचं, फिती न्हाईत. अजून ऊब होती अंगात. चिठ्ठी लिहून तयार, 'तारेला धडकून मृत'. मी फडकं बांधून बसले. बरगडीपाशी ब्लेड कशाला तरी कचकन अडलं. बोटानं उचकटून काढलं तर शिशाचा छर्रा. मी त्यो तळहातावर घेतला आन् त्यांच्यापुढं धरला.

"ही कुठली तार?"

त्यांनी चिठ्ठी पालथी केली.

"मी इचारते, ही कुठली तार हाय? शिशाची तार कुठल्या खांबाला असती?"

तवा बोललं. वस्तीवरच्या गेणबाच्या द्राक्षाच्या बागंत पाखरं हाकलायला छर्ऱ्याची बंदूक होती, ती मागून आणली होती. आमराईत जाऊन, फांदीला टेकवून, नेम धरून मारलं. ज्या पाखराची वाट बघत हा माणूस चैत्रभर अंगणात मान वर करून उभा राहायचा, ते पाखरू. माझ्या हाताला त्या पाखराचं रक्त लागलेलं, आन् पहिल्यांदा मला पाखराची न्हाय, माणसाची किळस आली. त्यांच्या बोटांची, त्या चष्म्याची, त्या बारीक अक्षराच्या चिठ्ठीची. मी म्हणलं, "थू तुमच्या शिकण्यावर!" वर ते काय म्हणालं ठावं हाय? "ते ऱ्हाऊ दे सारजा. आत काय हाय ते सांग."

आत दोन दाणं होतं. मोहरीएवढं, पर दोन. मी सांगितलं, "नर. कवळा नर हाय, शेपटी यायची बाकी होती. मिळाली मादी? बसा आता उरावर घेऊन." त्यांचं तोंड असं उतरलं की वाटावं घरातलं कुणी गेलं. आमराईतलं जे खरंच गेलं होतं त्याचं त्यांना काय न्हवतं.

मी गप बसणारी बाई न्हाय. गेणबाकडं गेले. म्हणलं, "गेणबा तात्या, ती बंदूक परत घ्या." त्यो मिशीत हसला. म्हणाला, "वहिनी, आता माल न्हाय बागंत, पडू द्या तुमच्याकडं. कॉलेजाच्या कामाला लागती म्हणं." कॉलेजाचं काम! मग एसटी धरून बारामतीला गेले, थेट मानसिंग सरांपुढं उभी ऱ्हायले. म्हणलं, "सर, तुमच्या कपाटात जे चाललंय ते बरं न्हाय. पाखरं मारायला सरकारची बंदी हाय ना? उद्या कुणी तक्रार केली तर आमची पेन्शन जाईल." सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "वहिनी, चिठ्ठीवर तर तारेला धडकून असं लिहिलंय. आम्ही चिठ्ठीवर विश्वास ठेवतो." आन् माझ्यासाठी चहा सांगितला. त्या चहावर साय धरली तरी मी कप उचलला न्हाय. मारणारा तरी घामानं भिजून, तोंड पाडून घरी येतो. हा इस्त्रीच्या कपड्यातला माणूस नुसता चिठ्ठी वाचतो. मला तर त्या खोलीत आमच्या लिंबाखालच्यापेक्षा जास्त वास आला.

त्या उन्हाळ्यात मी मालकांशी अबोला धरला. भाकरी वाढायची, बोलायचं न्हाय. त्यांनी वचन दिलं. खंडोबाची आण घेतली. "एकच मादी, सारजा. एक मिळाली की बंदूक गेणबाच्या दारात. परत हात लावणार न्हाय." मी म्हणलं, "आन् न्हाय मिळाली तर?" ते म्हणालं, "मिळंपर्यंत." असलं वचन! देवानं बी कानावर हात ठेवलं असतील.

पाऊस लागला, पाखरं गेली. म्हणलं सुटलो. पुढल्या चैत्रात मी देवाला म्हणत होते, औंदा पाखरू येऊच नको, वाट चुकू दे त्याला. आलं. पाखराला काय ठावं?

वैशाखाच्या शेवटी एक दिवस मालक दुपारीच घरी आलं. रजा टाकली होती. हातात रुमालात गुंडाळल्यालं काय तरी, आन् तोंडावर हसू मावंना. म्हणालं, "आता चुकायचं कामच न्हाय. ही घरट्यावर बसली होती, सारजा. अंड्यांवर. खालनं तास दीड तास बघितलं. अंड्यांवर बसलीया म्हंजी मादीच की! नर कशाला बसंल?"

अंड्यांवर बसलेलं पाखरू! आमच्यात व्यालेल्या मेंढीवर कुणी काठी उगारत न्हाय. माझ्या बापानं तसल्या माणसाला वाड्यात पाणी पाजलं नसतं. आन् हा माझा नवरा रुमाल सोडून मला पाखरू दाखवत होता, नवी साडी आणल्यासारखं. तांबडं, आखूड शेपटीचं. छातीखालची पिसं घासून विरळ झाली होती, अंड्यांवर बसून बसून.

मी म्हणलं, "मी हात लावणार न्हाय."

"अगं, शेवटचं. जाऊन बंदूक देऊन येतो. तू फकस्त बघ आन् सांग."

मी बसले. का बसले? तर ते संपावं म्हणून. ब्लेड घेतलं. वास यायचा होता अजून, ताजंच होतं, तरी माझ्या नाकात आधीच आला. पोट उघडलं, आतडी सारली, डाव्या अंगाला खसखशीचा घोस हुडकाया लागले. घोस न्हवता. दोन दाणं होतं. डावा एक, उजवा एक. मी डोळं पुसलं, परत बघितलं. दोनच. त्यो बाप होता. पोरांवर बाप बसला होता. हे मला बी नवं होतं. मेंढ्यांत नर कधी पिल्लाजवळ थांबल्याला मी बघितला न्हाय, पाखरांत थांबतो हे कुठनं ठावं असणार? बायकूला चार किडं खाऊन यायला सोडून ह्यो बसला असंल, आन् ह्यांनी तेवढ्यात नेम धरला.

मालक माझ्या खांद्यापाशी उभं. चष्मा लावलेला, चिठ्ठी हातात, पेनाचं टोपण काढलेलं. "सांग की. का गं गप? मादीच ना?" ते जरा खाली बसलं. "नसंल तरी हरकत न्हाय म्हणा. मी निघालो तवा तसलंच दुसरं येऊन घरट्यावर बसलं. न्हाय तर उद्या सकाळी ते घेऊन येतो."

त्यांनी किती साधं सांगितलं ते! दूध नासलं, तर उद्या दुसरं आणतो, तसं. मला तवा कळलं की मी काय बोलीन त्यावर उद्या सकाळी एक जीव हाय का न्हाय ते ठरणार हाय. तीन सालं मी ह्या घाणीत हात घालून जे दिसलं तेच सांगितलं होतं. माझा त्योच एक ताठा होता, मी ओकंन पर खोटं सांगणार न्हाय.

"मादी," मी म्हणलं.

"नक्की?"

"घोस हाय. लिहा. मादी."

आन् त्यांनी वाकून बघायच्या आत मी ते आतलं सगळं शेजारच्या पाण्याच्या चुलीच्या राखंत टाकलं आन् वर पाय दिला.

ते लिहीत होतं. 'मादी. अंडी उबवणारी. घरट्याजवळ मृत सापडली.' अक्षर मोत्यासारखं. मी हात धुतलं, साबण संपवला, परत धुतलं. हात चुकत न्हाईत, जीभ चुकवली मी. आपलीच जीभ तोंडात नकोशी झाली होती.

बंदूक मातर त्याच सांजंला गेणबाच्या दारात गेली. शब्दाला जागलं मालक. चौथ्या दिवशी मी लाकडं आणायच्या मिषानं आमराईत गेले. घरट्यावर ती होती, एकटीच. उतरायची, किडा धरायची, पळत परत यायची. एकटीनं वढत होती बिचारी. पंधरा-वीस दिवसांनी परत गेले तवा तीन अंड्यांतली दोन पिल्लं मी बघितली, पंख फुटल्याली. मी त्यांना म्हणलं, जा बाबांनो, जा लवकर, आन् परत येऊ नका.

जूनअखेर मालक निवृत्त झालं आन् कॉलेज भरल्यावर जुलैत त्यांचा सत्कार ठेवला. मला बी नेलं, नवं लुगडं नेसवून. लॅबमदी नवी पेटी केली होती, काच लखलखीत. आत चार पाखरं एका रांगंत, पांढरा नर, तांबडा नर, कवळा नर, आन् शेवटी ते. खाली मानसिंग सरांनी छापून घेतलेली पाटी, त्यावर मालकांचं नाव. नाव टाकलं होतं त्यांचं, सरांनी बी शब्द पाळला. मला वाचता येतं, चौथीपर्यंत शिकलेय. शेवटची ओळ होती, 'या जातीत अंडी उबविण्याचे काम मादी करते.' कॉलेजातल्या पोरी वाकून वाकून ते वहीत उतरवून घेत होत्या. एक तर मोठ्यानं वाचत होती.

आपल्या अंड्यांवर बसलेला बाप. त्याला मारला, भुसा भरावा तसा कापूस भरला, आन् वर त्याचं बापपण बी काढून घेतलं. पहिलं काम मालकांचं. शेवटचं माझं.

मग भाषणं झाली. शाल घातली, नारळ दिला. मालक बोलायला उठलं. आयुष्यात कधी चार माणसांपुढं बोललं न्हवतं. आता नोकरी जायची भीती न्हवती, म्हणून सगळं सांगून टाकलं. म्हणालं, "मला लबाडी करून जायचं न्हाय. गेली तीन वर्सं मला जवळचं दिसत न्हाय. ह्या पाखरांची ओळख माझी न्हवं. ही मादी माझ्या बायकूनं ओळखली. नाक दाबून, ओकत ओकत, पर तिनं मला एकदा बी खोटं सांगितलं न्हाय." आन् भर सभेत त्यांच्या डोळ्यांतनं पाणी.

असली टाळी वाजली! मानसिंग सर उठून उभं ऱ्हायलं. "वहिनी, या, वर या." पोरींनी मला हाताला धरून पुढं नेलं. सरांनी विचारलं, "सांगा मुलींना, कसं ओळखलंत?"

समोर पोरी वही उघडून बसलेल्या, माझ्या तोंडाकडं बघत. बाजूला मालक, शाल सावरत, बघत की आपली बायकू कशी बोलती. खरं सांगावं तर त्यांचं तोंड चार माणसांत काळं. आन् ते मला काय म्हणतील? म्हणतील, मग त्या दिवशीच का न्हाय बोललीस, मी दुसऱ्या दिवशी आणली असती की. खरंच म्हणलं असतं. त्यांना आजतागायत त्यात काय वावगं वाटत न्हाय.

घशाशी आंबट आलं. मी ते गिळलं.

"डाव्या अंगाला घोस असतो," मी म्हणलं, "खसखशीसारखा."

पोरींनी लिहून घेतलं.